अकरा महिने आणि ६१४ तबकड्या

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या ग्रंथालयाच्या फळ्यावर एक टाइप केलेला कागद लागला. वर गुजराती, खाली मराठी. 'संगीत संग्रहासाठी ग्रंथपाल पाहिजे. करार ११ महिने. मासिक मानधन १८,००० रुपये.' देवघेवीच्या रांगेत उभी राहून मी तो तीनदा वाचला. माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, सोळा वर्षांपूर्वीची. एका शाळेच्या ग्रंथालयात नऊ वर्षं काढली होती, मग आईच्या आजारपणात ती नोकरी सुटली. गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या. ही दोन शिक्षणं कधी एकाच टेबलावर येतील असं वाटलं नव्हतं.

घरी जाऊन मी संगीत ग्रंथपालाचं काम काय असतं ते शोधलं. परदेशातल्या विद्यापीठांबद्दल पुष्कळ सापडलं. सार्वजनिक ग्रंथालयात, आपल्याकडे, आपल्या गाण्यासाठी हे काम करणाऱ्या माणसाचं मराठीत एक पानही मिळालं नाही. म्हणून हे सगळं तपशिलात लिहून ठेवते आहे. ग्रंथालयाचं नाव देत नाही. बडोद्यातलं जुनं, नदीपासून फार लांब नसलेलं, एवढं पुरे.

अर्ज ८ जानेवारीला दिला. पदवीची साक्षांकित प्रत, शाळेचा अनुभवाचा दाखला (तो मिळवायला त्या शाळेत चार खेपा), गाण्याची प्रमाणपत्रं, दोन फोटो. पोच घ्यायला विसरू नका. माझा अर्ज मध्यंतरी सापडत नव्हता आणि पोच होती म्हणूनच मुलाखतीच्या यादीत नाव आलं.

मुलाखत २ फेब्रुवारीला. समोर तिघं: ग्रंथपाल साहेब, समितीचे एक सदस्य आणि गाण्याचे एक निवृत्त शिक्षक. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नाट्यसंगीताची तबकडी कुठल्या वर्गांकाला लावाल?" तबकडी म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड, वर्गांक म्हणजे विषयाप्रमाणे द्यायचा आकडा. या प्रश्नावर मी रात्रभर विचार केला असता तरी पुरला नसता. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात संगीत ७८० ला. त्यात ७८२ कंठसंगीत, ७८४ ते ७८८ वाद्यं. १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत हा सगळा वर्ग नव्याने मांडला गेला, पण मांडणी मुळात पाश्चात्त्य संगीताचीच. आपलं शास्त्रीय संगीत ७८१.६९ मध्ये, पाश्चात्त्येतर अभिजात परंपरा म्हणून. मग नाट्यपद कुठे? ७८२.१ ला, म्हणजे रंगभूमीच्या गाण्यांत? की ते पद मैफिलीत ख्यालासारखं विस्तारून गायलं असेल तर ७८१.६९ ला? मी सांगितलं की पुस्तकांना वर्गांक देईन, तबकड्यांना देणार नाही. तबकड्या आकाराप्रमाणे वेगळ्या करून दाखल क्रमांकाने, म्हणजे नोंद झालेल्या क्रमाने, उभ्या लावीन आणि गायक, राग, प्रकार, नाटक हे सगळे शोध तालिकेतून, म्हणजे नोंदींच्या सूचीतून, देईन. तबकडी एकाच जागी राहते, पण तिच्याकडे येणाऱ्या वाटा चार असू शकतात.

गाण्याच्या गुरुजींनी एवढंच विचारलं, "भूप आणि देशकार कानाने वेगळे ओळखता का?" हे दोन राग, स्वर तेच. मी म्हटलं, मैफिलीत ओळखते, पण तीन मिनिटांच्या तबकडीत दर वेळी खात्री देता येणार नाही. ते म्हणाले, "मग जिथे खात्री नाही तिथे राग लिहू नका. कोरं ठेवा." पुढे अकरा महिने मी हे वाक्य पाळलं.

पत्र २६ फेब्रुवारीला आलं. करारनामा, नोटरी, वैद्यकीय दाखला आणि पोलीस पडताळणी मिळून १,१४० रुपये माझे गेले. ४ मार्च, सोमवारी रुजू झाले. मानधन मात्र पहिल्यांदा १७ मे रोजी हातात पडलं, कारण माझा पगार देणगीच्या व्याजातून निघायचा होता आणि त्या खर्चाचं खातंच उघडलेलं नव्हतं. कोणी मुद्दाम अडवलं नाही, फक्त कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिला. ते अडीच महिने भावाकडून उसने घेऊन काढले आणि त्याचा मला फार संकोच वाटला. कराराची नोकरी घेताना पगार कुठल्या खात्यातून निघणार आणि ते खातं आज चालू आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. विचारण्यात काहीही गैर नाही.

आता संग्रहाबद्दल. रावपुऱ्यातल्या एका वाड्यातून ३१ खोकी टेम्पोने आली होती. देणाऱ्या आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या यजमानांनी चाळीस-पन्नास वर्षं जमवलेलं गाणं. मोजल्यावर आकडा लागला तो असा: ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) लाखेच्या तबकड्या ६१४ (दहा इंची ५७१, बारा इंची ४३), लाँग प्ले १८२, कॅसेटी ३४०, पुस्तकं २७१ आणि हाताने लिहिलेल्या चिजांच्या (बंदिशींच्या) वह्या १९. त्यातली एक मोडीत.

बडोद्यात असा संग्रह निघाला याचं कोणाला नवल वाटलं नाही. गायक मौलाबक्षांची गायनशाळा इथे १८८६ मध्ये सुरू झाली. तीच वाढत जाऊन आज सूरसागर तलावासमोर विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथेच भरली. ग्रंथालयांचंही तसंच. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन साहेबांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्गही काढला. गाणं आणि ग्रंथालय ही दोन्ही घरं इथली जुनी आहेत. या दोघांमधलं दार मात्र आमच्या ग्रंथालयात कधी उघडलेलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात मोठा मोह तबकड्या पुसून वाजवून बघण्याचा होता. तो आवरला. आधी यादी. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलचा मोबाइलवर फोटो, मग तक्त्यात प्रत्येक बाजूसाठी एक ओळ. तबकडीला एक ओळ दिलीत तर पुढे फसाल, कारण एका बाजूला पिलू आणि दुसऱ्या बाजूला पोवाडा असं सर्रास असतं. म्हणजे १,२२८ ओळी. लेबलवरचा क्रमांक लिहायचाच, पण लेबलच्या कडेला, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत भागात कोरलेला बारीक क्रमांकही लिहायचा. तो त्या विशिष्ट मुद्रणाचा असतो. लेबल फाटलं, बदललं, वाळवीने खाल्लं तरी तो राहतो. आमच्या २२ तबकड्यांची ओळख केवळ त्यावरून पटली. दाखल क्रमांक तबकडीवर चिकटवायचा नाही, कव्हरवर पेन्सिलीने लिहायचा.

एप्रिलमध्ये बडोद्याचं ऊन चढलं. तबकड्या मागच्या खोलीत एकावर एक आडव्या रचलेल्या होत्या. लाख उष्णतेने नरम होते आणि वजनाखाली वाकते. सगळ्या उभ्या करायला हव्या होत्या. लोखंडी घोड्याला (मांडणीला) दर सहा इंचांवर पत्रा लावून घेतला, म्हणजे तबकड्या कलत नाहीत. सुताराऐवजी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, तीन दिवसांत झालं.

जुनी कव्हरं खाकी कागदाची, फाटकी, आंबूस वासाची. ती रद्दीत द्यायची असं ठरलं होतं. मी साहेबांना अडवलं. कित्येक कव्हरांवर लाल पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, काहींवर ओळीच्या ओळी. मला वाटलं, दुकानातला काही हिशेब असेल. अर्थ कळत नव्हता, पण कळत नाही म्हणून फेकायचं हे मला पटेना. दाखल क्रमांक टाकून ती सगळी वेगळ्या चार खोक्यांत भरली.

त्याच सुमारास शिपाई काका मदतीला आले. त्यांनी कोविडच्या वेळची सॅनिटायझरची मोठी बाटली आणली. "बेन, आनाथी चमकी जशे." म्हणजे, बाई, याने चमकतील. मी हात धरला. आमच्याकडे एक तबकडी फुटलेलीच आली होती. तिच्या तुकड्यावर कापसाने दोन थेंब चोळून दाखवले. कापूस तपकिरी-काळा झाला आणि तुकड्यावरच्या खाचा सपाट. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. काका बराच वेळ तो कापूस बघत राहिले आणि त्या दिवसापासून ते माझ्याहून कडक झाले. आम्ही डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून साफ करत होतो. एक तबकडी पाच ते सात मिनिटं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात.

मेमध्ये एक बारा इंची तबकडी माझ्या हातून निसटली. लाखेची तबकडी पडली की संपली, ती चिनी मातीच्या बशीसारखी जाते. दुसरी प्रत संग्रहात नव्हती. मी अहवाल लिहिला, पाच तुकडे पाकिटात घातले, नोंदीत 'भंगलेली, तुकडे जतन' असं लिहिलं. त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर जाड चादर घातली आणि उभ्याने तबकडी हाताळणं बंद केलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वाजवण्याचं यंत्र यायला सात आठवडे लागले. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत, आणि ७८ ची सुई देणारा दुकानदार शहरात एकच. शेवटी दोन कोटेशनं अहमदाबाद आणि मुंबईहून मागवली. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण कोणीही विचारेल की साध्या सुईने का नाही चालत. लाँग प्लेची सुई टोकाशी सुमारे एक हजारांश इंच, ७८ ची सुमारे तीन. बारीक सुई जुन्या रुंद खाचेत तळाशी जाऊन घासते आणि गाण्याऐवजी खरखर उचलते. खर्च असा झाला: तीन गतींचं यंत्र २३,५००, सुई ४,२००, आवाज संगणकात घेणारं साधन ९,८००, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क ११,००० आणि आम्लरहित कागदाची ७०० कव्हरं, प्रत्येकी १४ रुपयांनी, ९,८००. एकूण ५८,३००. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर यंत्र थांबवा, कव्हरं आधी घ्या.

यंत्र १२ जुलैला आलं. तोवर चार महिने मी गाणं फक्त वाचत होते. पहिली तबकडी लावली तेव्हा देवघेवीतली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

नोंदी करताना सगळ्यात जास्त वेळ नावांत गेला. फैयाजखाँ साहेब बडोदा दरबारचे गायक, १९५० मध्ये इथेच वारले. त्यांचंच नाव लेबलांवर आणि पुस्तकांत मिळून सात प्रकारांनी लिहिलेलं सापडलं, इंग्रजी, देवनागरी, गुजराती. वाचक ज्या रूपाने शोधेल त्या रूपाने सापडलं पाहिजे, आणि सापडल्यावर सगळ्या तबकड्या एकत्र दिसल्या पाहिजेत. त्यासाठी एक अधिकृत रूप ठरवायचं आणि बाकीची सहा त्याच्याकडे वळवायची. पुस्तकांत संगीतशास्त्रकार भातखंडे. त्यांनी संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने लिहिला, मराठीतलं विवेचन 'विष्णु शर्मा' या नावाने. संग्रहात ही तीन नावं तीन वेगळ्या खोक्यांत होती आणि जुन्या हस्तलिखित यादीत तीन वेगळे लेखक म्हणून नोंदलेली. एक वाचक हीराबाई बडोदेकरांना 'बडोद्याच्या स्थानिक कलाकार' या मथळ्याखाली शोधत होते. नावात बडोदं, जन्म मिरजेचा. सुरेशबाबू माने, सरस्वती राणे आणि हीराबाई ही गायक अब्दुल करीमखाँची मुलं, आडनावं तीन. अशा ठिकाणी 'हेही पहा' अशी एक ओळ घातली की वाचकाचा अर्धा दिवस वाचतो.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका ठिपक्याने. परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी जुलैच्या शेवटी एक जुनं स्वरलिपीचं पुस्तक घेऊन बसली होती. गुणगुणताना तिची तान वारंवार भलतीकडे जात होती आणि ती रडकुंडीला आली होती. मी पुस्तक पाहिलं. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर ठिपका म्हणजे तार सप्तक, पायाशी ठिपका म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा ठिपका मंद्राचा आणि तारसाठी उभी रेघ. ती पलुस्कर पद्धतीचं पुस्तक भातखंडे पद्धतीने वाचत होती. तालाच्या खुणाही अशाच. भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि खालीला (जिथे टाळी नसते तिथे) शून्य, तर पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकाची खूण. फुली आणि अधिक जुन्या छपाईत जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणजे सम आणि खालीच उलटी होते. तिला सांगितल्यावर तिने पहिली ओळ पुन्हा म्हटली आणि ती बरोबर आली. त्या दिवसापासून स्वरलिपीच्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत पद्धत लिहिली आणि पुस्तकाच्या आत खुणांचा छोटा तक्ता चिकटवला. २७१ पैकी ११८ पुस्तकं अशी निघाली. वह्यांमध्ये तर एकाच वहीत दोन पद्धती होत्या, कारण लिहिणाऱ्याने मध्येच गुरू बदलला होता. ते पान ओलांडताना हे लख्ख दिसतं.

ऑगस्टमधला पूर बडोदेकरांना सांगायला नको. शनिवारी, २४ तारखेला, पाऊस वाढला तेव्हा आमची खोली तळमजल्यावर होती. वर हलवण्यासाठी मी जूनमध्ये अर्ज केला होता, मंजुरी यायची होती. काका आणि मी रविवारी सुट्टी असून आलो. ६१४ तबकड्या म्हणजे साधारण दीडशे किलो. एका वेळी पंधराच न्यायच्या, उभ्या धरून, जिन्यात कोणी नको. वह्या सगळ्यांत आधी नेल्या, कारण तबकडी भिजली तर पुसता येते, शाईची वही भिजली की गेली. रात्री साडेआठपर्यंत तबकड्या, वह्या आणि बहुतेक पुस्तकं वाचनालयाच्या टेबलांवर पोचली. कॅसेटींची काही खोकी खाली राहिली. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ती त्या आठवड्यात ३५ च्या वर गेली. आमच्या खोलीत दीड फूट पाणी आलं. वीज नव्हती, मी तीन दिवस घरातून निघू शकले नाही. तिथे काय झालं असेल या विचाराने झोप लागत नव्हती.

उघडलं तेव्हा ९६ कॅसेटी चिखलात. भिजलेली कॅसेट कधीही लगेच यंत्रात घालू नका. स्क्रू काढून फीत बाहेर घ्यायची, डिस्टिल्ड पाण्यात हलवायची, सावलीत पंख्याखाली वाळवायची, नव्या कवचात भरायची, एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळायची, मगच वाजवायची. ७१ वाचल्या. वाड्यातल्या घरगुती मैफिलींच्या कॅसेटी त्यांतच होत्या आणि ज्या २५ गेल्या त्यांची दुसरी प्रत जगात कुठे नाही. वरच्या खोलीची मंजुरी ९ सप्टेंबरला आली.

सप्टेंबर ते जानेवारी मी ऐकत होते. दिवसाला चार तबकड्या, आठ बाजू, प्रत्येक बाजूला तयारीसकट वीस-पंचवीस मिनिटं. ४०२ तबकड्या झाल्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, काहीही न गाळता मूळ फाइल, आणि खरखर कमी केलेली ऐकण्याची प्रत निराळी. मूळ फाइलवर कधीही प्रयोग करायचा नाही. एका बाजूला सुमारे शंभर मेगाबाइट लागतात, एकूण ९० गिगाबाइटच्या आसपास भरलं. दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या इमारतींत ठेवल्या, पुरानंतर हे कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

जुन्या तबकड्यांची गती हा वेगळाच गुंता. '७८' हे सुरुवातीच्या काळात नावापुरतंच. कंपन्या सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान कुठेही मुद्रण करत. ७२ वर मुद्रण केलेली तबकडी ७८ वर फिरवली की सूर हार्मोनियमच्या एका पट्टीहून जास्त, जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी सहाच्याही वर गेलेली ऐकू येते आणि आवाज लहान मुलीसारखा पातळ होतो. मी हार्मोनियमवर षड्ज शोधून नोंदीत लिहीत असे, '७८ वर षड्ज अमुक', आणि कानाला पटणारी गती पुढे कंसात. 'खरी गती' असा शब्द वापरला नाही, कारण ती मला ठाऊक नव्हती. गुरुजींचं वाक्य इथेही उपयोगी पडलं. अगदी जुन्या काही तबकड्यांच्या शेवटी गाणारा आपलं नाव सांगतो. मुद्रण परदेशात साच्यात घालायला जायचं तेव्हा लेबल चुकू नये म्हणून ही पद्धत होती. एका तबकडीचं लेबल पूर्ण गेलेलं होतं आणि शेवटच्या दोन सेकंदांत बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. मी ते आठ-दहा वेळा ऐकून मग लिहिलं.

नवरात्रात, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, संग्रहात कोणी फिरकलं नाही. सगळं बडोदं गरब्याला. मी त्या दिवसांत मोडीची वही वाचणाऱ्या एका काकांबरोबर बसले. ती चिजांची नव्हती, वाड्यातल्या शिकवणीचा हजेरीपट आणि प्रत्येकाने त्या दिवशी काय घोकलं त्याची नोंद होती. चिजांच्या वहीपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते.

फैयाजखाँ साहेबांच्या पुण्यतिथीला, ५ नोव्हेंबरला, ऐकण्याचा कार्यक्रम करायचा होता. दिवाळीनंतरची लाभपंचम ६ ला, तोवर कचेरी उघडत नाही. मग शनिवारी ९ ला केला. ४३ माणसं आली, खुर्च्या ३० होत्या.

लोक सारखं विचारतात, की हे सगळं इंटरनेटवर का टाकत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं चालतो. १ जानेवारी २०२५ ला १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क संपला. पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक बंदिशीला हा प्रश्न येत नाही, भावगीताला येतो. जतनासाठी संगणकीय प्रत करायला मात्र ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्यात मुभा आहे, मूळ प्रत त्याच्याकडे असेल तर. म्हणून आम्ही प्रती केल्या आणि ऐकणं ग्रंथालयातच, हेडफोनवर. कॉपी कोणाला दिली नाही. जवळच्या माणसांनाही नाही, आणि ते जड गेलं.

डिसेंबरात एक नको असलेली गोष्ट घडली. देणगीदारांच्या एका नातेवाइकांनी वह्या परत मागितल्या. देणगीपत्रात 'संगीत साहित्य' एवढंच लिहिलेलं, वह्यांचा वेगळा उल्लेख नाही. दोन बैठका झाल्या. शेवटी आजींनी स्वतः पत्र दिलं, १९ वह्यांची नावनिशीवार यादी जोडून. देणगी घेताना यादी, कायमची की ठेव म्हणून, जादा प्रती काढून टाकायची परवानगी आणि डिजिटल प्रतीची परवानगी, हे चार मुद्दे सहीसकट घ्या, माणसं कितीही ओळखीची असोत.

२९ जानेवारीला आजी रिक्षाने आल्या. जिना चढवत नव्हता, म्हणून आम्ही यंत्र खाली आणलं. तीन-चार तबकड्या ऐकल्या. मग मी जुन्या कव्हरांचं एक खोकं उघडून लाल रेघा दाखवल्या आणि विचारलं, हा कसला हिशेब?

"अगं, सुयांचा," त्या म्हणाल्या. "पोलादी सुई एका बाजूला एकच. दुसऱ्यांदा वापरली तर तबकडी खाते. आमचे हे प्रत्येक सुईला एक रेघ ओढायचे. सुया महाग होत्या."

म्हणजे प्रत्येक तबकडी किती वेळा वाजली ते त्या कव्हरांवर लिहिलेलं होतं. मी विचारलं, सगळ्यात जास्त रेघा कुठल्या कव्हरावर असतील? न बघता त्यांनी नाव सांगितलं. एक भावगीत. खोक्यातून काढलं, मोजलं. पुढे आणि मागे मिळून २१२.

"ती माझी," आजी म्हणाल्या. "बाकी सगळी त्यांची."

शेवटचे चार दिवस मी नोंदींत एक नवा रकाना घालून कव्हरांवरच्या रेघा मोजत बसले. काका खोकी उघडून देत होते. ३ फेब्रुवारीला संध्याकाळी सहा वाजता ५७१ कव्हरं झाली होती. राहिलेली ४३ बारा इंची, त्यांच्या क्रमांकांचा कागद टेबलाच्या वरच्या खणात ठेवला, मोजायची पद्धत पाठीमागे लिहिली आणि किल्ल्या काकांकडे दिल्या.